बायोगॅसचा गॅस दर पावसाळ्यात पडतो, शेण टाकलं की उठतो, पुन्हा पडतो: आमच्या टाकीत काय सापडलं

"दादा, पोळी परत फुगेना झालीय."

पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या मावशींचा फोन या वाक्याने सुरू झाला की पुढचं मला पाठ आहे. ज्योत तव्याच्या बुडाला नीट लागत नाही, निळी असायची ती फिकट होऊन फडफडते, दोन दिवस कसेबसे निघतात आणि तिसऱ्या दिवशी त्या सिलिंडर लावतात. कोथरूडला टेकडीच्या बाजूच्या एका सोसायटीतला हा बायोगॅस प्लांट, त्याची सर्व्हिस माझ्याकडे. टाकी ४,००० लिटरची. रोज साधारण ५० किलो ओला कचरा आणि तेवढंच पाणी आत जातं, म्हणजे आत गेलेला माल सरासरी ४० दिवस टाकीत राहतो. तब्येत चांगली असली की दिवसाला चार-साडेचार घनमीटर गॅस निघतो. सिलिंडरच्या हिशेबात पावणेदोन-दोन किलो. फार नाही, पण केंद्राचा दुपारचा स्वयंपाक त्यावर निघतो.

सलग तीन पावसाळे हा प्लांट दोन-तीनदा पडला. प्रत्येक वेळी मी गेलो, फीडिंग (रोजचा कचरा टाकणं) बंद ठेवायला सांगितलं, गोठ्यातून दोन पोती ताजं शेण आणून कालवून घातलं, खाण्याचा सोडा घातला. आठ-दहा दिवसांत ज्योत उभी राहायची. सगळे खूश. मग पुन्हा फोन. मी प्रत्येक फेरीचं बिलही लावलं, हे आधीच कबूल करून टाकतो.

तुमचाही प्लांट असाच वागत असेल तर आधी नेहमीच्या गोष्टी बघून घ्या, कारण दहातल्या आठ वेळा दुखणं तिथंच असतं. कुणाच्या तरी मुंजीचं उरलेलं जेवण एकाच दिवशी आत गेलं का? लिंबाच्या साली, तेलकट रस्सा, ताक यांचा मारा झाला का? टाकी आंबली का? पीएचची पट्टी ६.८ ते ७.५ मध्ये हवी. पाइपात पाणी साठलंय का, झडप गळतेय का? पावसाळी गारव्याचं म्हणाल तर पुण्यात टाकी थंड पडते आणि गॅस कमी होतोही, पण तो हळूहळू. सोमवारी पूर्ण ज्योत आणि गुरुवारी अर्धी, असं थंडी करत नाही. आमच्याकडे नेमकं तसंच होत होतं, आणि तरी मी तीन वर्षं गारव्यालाच दोष देत बसलो.

शेण नेमकं काय करतं

ही भानगड समजायला शेणापासून सुरुवात करावी लागते. शेणाने फरक पडतो हे सगळ्यांना माहीत, का पडतो ते फारसं कुणी विचारत नाही.

टाकीत दोन गट काम करतात. पहिला गट खरकटं कुजवून त्याची आम्लं करतो. हे जंतू चिवट, कशालाही न डगमगणारे. दुसरा गट त्या आम्लांचा आणि हायड्रोजनचा मिथेन करतो. हे हळू वाढतात आणि पटकन रुसतात. दुसरा गट मंदावला की पहिला काही थांबत नाही, आम्लं साठत जातात, पीएच घसरतो, गॅसमधला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि ज्योत मरते. म्हणजे दुखणं कुठलंही असो, लक्षण एकच: टाकी आंबली. म्हणूनच सोडा घालून आंबटपणा मारला की आपल्याला वाटतं, झालं काम.

आता या दुसऱ्या गटाला जगायला धातू लागतात, तेही आपण ज्यांना 'जड धातू' म्हणून नाक मुरडतो तेच. मिथेन तयार होण्याच्या शेवटच्या पायरीवर जे एन्झाइम काम करतं, त्याच्या गाभ्यात निकेलचा अणू असतो. कोबाल्ट लागतं, लोह तर भरपूर लागतं, मॉलिब्डेनम लागतं. प्रमाण अगदी किरकोळ, निकेल-कोबाल्ट तर लिटरमागे मिलिग्रॅमच्या अंशात, पण शून्य चालत नाही. गाईच्या पोटात मिथेन करणारे जंतू असतातच आणि चाऱ्यातून हे धातूही येतात. त्यामुळे शेण घातलं की जंतूही मिळतात आणि त्यांची शिदोरीही.

आणि हेच धातू जास्त झाले, पाण्यात मोकळे फिरायला लागले, की विष. एन्झाइममध्ये गंधकाचे हात असतात, त्यांना तांबं, जस्त, कॅडमियम जाऊन चिकटतात आणि यंत्र जाम होतं. कुठला धातू जास्त घातक याचा क्रम प्रयोगागणिक थोडा बदलतो, पण तांबं बहुतेकदा वरच्या रांगेत आणि शिसं खालच्या. शिवाय कचऱ्यासारखे हे कुजून संपत नाहीत. आत गेले ते गेले, बाहेर पडायची वाट एकच, स्लरीबरोबर, म्हणजे टाकीतल्या पातळ रेंद्याबरोबर.

म्हणजे धातू कमी पडले तरी गॅस पडतो, जास्त झाले तरी पडतो, आणि दोन्हींत टाकी आंबटच लागते. फरक कळतो तो शेणाने मिळालेला आराम किती टिकला यावरून.

विद्यापीठाच्या बाजूच्या एका विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये मला पहिला प्रकार भेटला होता. तिथे दोन वर्षं फक्त शिजलेला भात, पोळी, वरण. आपल्या पुण्यात खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या टाकीची कल्पना डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने रुजवली, २००६ मध्ये त्यासाठी अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला. त्या पद्धतीत शेण लागतं ते सुरुवातीला विरजणासारखं. पुढे लोक शेण विसरूनच जातात. नुसत्या भात-पोळीवर चाललेली टाकी वर्ष-दीड वर्ष छान चालते, मग महिन्या-महिन्याने थोडी थोडी उतरत जाते, कारण सुरुवातीच्या शेणातली शिदोरी वाहून गेलेली असते. तिथे आठवड्याला एक पाटी शेण सुरू केलं आणि मेसवाले मला विसरून गेले. आराम महिनोन्‌महिने टिकला, म्हणून समजायचं की कमतरता होती.

कोथरूडला आराम महिना-सव्वा महिन्यात संपत होता आणि पडणं एकदम होत होतं. ही खूण कमतरतेची नाही. बाहेरून काहीतरी येतंय आणि पुन्हा पुन्हा येतंय, हे मला पहिल्याच वर्षी कळायला हवं होतं.

वास गेला तेव्हाच ओळखायला हवं होतं

माझी एक सवय आहे. सर्व्हिसला गेलो की गॅसवर लेड अ‍ॅसिटेटची ओली पट्टी धरतो. गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असेल तर ती तपकिरी-काळी पडते. (शिशाच्या पट्टीने गॅस तपासायचा आणि मग शिसं वाईट म्हणून लेख लिहायचा, असो.) कोथरूडची पट्टी नेहमी कोऱ्या चहासारखी व्हायची. दुसऱ्या वर्षीच्या वहीत जूनमधली एक नोंद आहे: "पट्टी जवळजवळ पांढरी. वास नाही. उत्तम." त्यानंतर चार दिवसांनी मावशींचा फोन.

सडक्या अंड्याचा तो वास म्हणजे टाकीतलं मोकळं सल्फाइड, गंधकाचंच एक रूप. धातू आत आले की सल्फाइड त्यांना पकडतं, न विरघळणारी काळी भुकटी होते आणि खाली बसते. तांबं, जस्त, निकेल, शिसं, कॅडमियम सगळे असे पकडले जातात. तोवर जंतूंना इजा नाही, कारण त्यांना बाधतो तो पाण्यात विरघळलेला भाग. निरोगी स्लरी काळी दिसते ती मुख्यतः लोहाच्या सल्फाइडमुळे, आणि तोही राखीव साठाच: तांबं आलं की लोह बाजूला होतं आणि सल्फाइड तांब्याला देतं. हा साठा पुरेनासा झाला की मग जंतूंवर येतं.

तेव्हा काही न करता वास अचानक नाहीसा झाला, तर आनंद मानू नका. फेरिक क्लोराइड किंवा लोहाचं काही घातलं असेल तर गोष्ट वेगळी. तसं नसेल तर कुणीतरी धातू ओततंय असं धरून चाला. आणि एक: वास घ्यायला टाकीच्या तोंडात डोकं घालू नका. हा वायू जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, माणूस तिथेच पडतो. टाकीत तर कुणीही, कधीही, 'दोन मिनिटं' म्हणूनही उतरायचं नाही.

खात्री करायला घरगुती बाटल्यांचा प्रयोग आहे. प्लास्टिकच्या तीन लिटरभर बाटल्या घ्या. एकीत चांगल्या चाललेल्या दुसऱ्या प्लांटची स्लरी, दुसरीत फक्त आजारी टाकीची, तिसरीत दोन्ही निम्मी निम्मी. तिघींत चमचा-चमचा भाताची पेज, थोडा सोडा घालून पीएच सारखा केलेला, तोंडाला फुगा, आणि उबदार जागा. तीन बाटल्यांत स्लरी सारखीच भरा, फुग्यापुरती मोकळी जागा ठेवा. चार-पाच दिवस बघा. मिश्र बाटली निरोगी बाटलीच्या निम्म्यापेक्षा चांगली चालली तर आजारी स्लरीला फक्त शिदोरी हवी होती. मिश्र बाटलीही मेली तर आजारी स्लरीत विष आहे आणि ते निरोग्यालाही बाधतंय. आमची मिश्र बाटली चौथ्या दिवशी म्हाताऱ्याच्या गालासारखी झाली होती.

प्रयोगशाळेत द्यायचं तर दोन आकडे मागा: एकूण धातू आणि गाळलेल्या पाण्यातले धातू. नुसता एकूण आकडा घेऊन काही कळत नाही, कारण त्यातलं बरंचसं निरुपद्रवी सल्फाइड म्हणून तळाशी बसलेलं असतं.

कॅलेंडर आणि व्हाउचर

मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सिलिंडर लावला त्या दिवशी 'सि.' लिहितात. तिसऱ्या वर्षी तीन ठिकाणी 'सि.' होतं: जूनचा मध्य, जुलैअखेर, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. या तारखांना सोसायटीत काय घडलं हे कुणालाच आठवेना. पण सोसायटी पुण्यातली, खजिनदारकाका निवृत्त बँकवाले, त्यामुळे बावीस रुपयांच्या सुतळीचंही व्हाउचर असतं. फाइल चाळली. प्रत्येक 'सि.'च्या चार-सहा दिवस आधी एक व्हाउचर: "मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो. बाग."

मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट.

माळीकाका पुरंदरचे. अंजिराच्या बागांत आयुष्य गेलेलं, तांबेऱ्यावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारायची हे त्यांच्या हाडात. सोसायटीत त्यांनी लिंबं, पेरू, दोन अंजिरं लावलीत आणि पावसाळ्यात त्यांच्यावर एक टक्क्याचं बोर्डो मारतात. शंभर लिटरच्या ड्रमात किलोभर मोरचूद, किलोभर चुना. मी विचारलं, चुना पुरला हे कसं कळतं? त्यांनी विळा घासून चकचकीत केला, ड्रमात बुडवला, वर काढून दाखवला. "लाल चढला नाही बघा. चढला असता तर चुना कमी." मोकळं तांबं शिल्लक असेल तर ते लोखंडावर येऊन बसतं. इतकी साधी, बिनचूक तपासणी मी बारा वर्षांत एकाही सोसायटीत पाहिली नव्हती.

"आणि मध्येच पाऊस आला तर?"

"थांबायचं. पावसात मारून काय उपयोग?"

"उरलेलं?"

"बोर्डो दुसऱ्या दिवशी चालत नाही. ओतून द्यायचं."

"कुठे?"

त्यांनी हनुवटीने दाखवलं. बागेचा नळ बायोगॅसच्या इनलेट चेंबरच्या, म्हणजे कचरा आत टाकायच्या हौदाच्या, डोक्यावरच आहे. ड्रम तिथेच धुतला जायचा. चेंबरच्या कडेला नळाखाली वीतभर निळसर-हिरवा थर होता. मी तीन वर्षं तो शेवाळ समजत होतो.

हिशेब असा बसतो. मोरचुदात वजनाच्या पावभर तांबं असतं, किलोत साधारण २५५ ग्रॅम. अर्धा ड्रम उरला तर १२७ ग्रॅम. चार हजार लिटरच्या टाकीत ते सगळीकडे सारखं पसरलं तर लिटरला ३२ मिलिग्रॅम. सल्फाइडचा साठा धडधाकट असलेली टाकी एवढं एकदा पचवूही शकते. पण आमच्या टाकीला ढवळणी नाही, त्यामुळे ते सारखं पसरतच नाही, आणि एका मोसमात तीनदा येतं. चाळीस दिवसांच्या टाकीत चाळीस दिवसांनी आधीच्या मालातला सदतीस टक्के अजून आतच असतो. धातू तळाशी बसत असल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. चुन्यामुळे बोर्डोतलं तांबं विरघळलेलं नसतं हे खरं, पण आंबलेल्या टाकीत ते पुन्हा सुटं व्हायला लागतं. म्हणजे जितकी आंबेल तितकं विष वाढेल.

यावर उतारा म्हणून आम्ही काय केलं ते सांगतो.

फीडिंग पूर्ण बंद. तळाच्या वाटेने हजार लिटर स्लरी बाहेर, तिच्या जागी दुसऱ्या प्लांटची चालती स्लरी. वरून काढू नका, धातू खाली असतात. मग हिराकस. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, खताच्या दुकानात मिळतं. त्यातल्या सल्फेटचं जंतू सल्फाइड करतात, आणि लोह काळा साठा पुन्हा उभा करतं. एक ग्रॅम सल्फाइड दोन ग्रॅम तांबं पकडतं. १२७ ग्रॅमला ६४ ग्रॅम गंधक लागतं, आणि हिराकसात ते साडेअकरा टक्के, म्हणजे साधारण साडेपाचशे ग्रॅम. हे एकदम ओतायचं नाही. रोज शंभर ग्रॅम बादलीभर पाण्यात विरघळवून, सहा दिवस, आणि आधी सोड्याने पीएच सातच्या आसपास आणून. जास्त सल्फेट गेलं तर ते खाणारे जंतू मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास पळवतात, शिवाय सल्फाइड स्वतःच विष आहे. सोडियम सल्फाइड घालायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, आंबट टाकीत त्यातून एकदम हायड्रोजन सल्फाइड सुटतो. चुनाही नको. तो गॅसमधला कार्बन डायऑक्साइड शोषतो, बंद टाकीत उलटा दाब येतो आणि तळाला खडक जमतो तो वेगळाच.

पट्टी पुन्हा कोऱ्या चहासारखी झाली नवव्या दिवशी. त्यानंतर फीडिंग पाच किलोपासून.

भोसरीकडे कारखान्याच्या कँटीनचा प्लांट असेल तर सांडपाण्याच्या पाइपांचे जोड बघा. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा चढवण्याच्या) धुवणाचं पाणी चुकून त्याच चेंबरला आलं तर निकेल आणि क्रोमियम येतं. क्रोमियम सल्फाइडला दाद देत नाही. त्याचं घातक रूप हिराकसातल्या लोहाने सौम्य होऊन हायड्रॉक्साइड म्हणून बसतं, पण ते निस्तरण्यापेक्षा पाइप तोडलेला बरा. आणि गणपतीनंतर निर्माल्य टाकीत नको. दोरे-जरी अडकतात हे आहेच, शिवाय मूळचा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. शिसं सहसा गॅस पाडत नाही, गुपचूप खतात जातं.

खताचं प्रकरण मला गॅसपेक्षा जास्त खटकतं. लिटरला ३२ मिलिग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, पण स्लरीत घन भाग तीनच टक्के. वाळवल्यावर किलोमागे हजार मिलिग्रॅमच्या आसपास तांबं होतं. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टला तांब्याची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे (निकेल ५०, क्रोमियम ५०, शिसं १००, कॅडमियम ५). आमचा अहवाल ३०० च्या बराच वर आला. आणि ही स्लरी तीन वर्षं बागेतच जात होती. माळीकाकांना सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे लिंबाला वरून पण मीच आणि खालून पण मीच." बाहेर काढलेली हजार लिटर वाळून तिची पोती झाली, ती पंपहाउसमागे ताडपत्रीखाली पडून आहेत. चेअरमन दर मीटिंगला विचारतात, यांचं काय करायचं. निदान अळूच्या वाफ्यात तरी जाणार नाहीत एवढं मी बघितलंय.

सोसायटीने चेंबरवर पाटी लावली: फवारणीचे द्रावण येथे ओतू नये. माळीकाकांनी ती वाचून विचारलं, "मग नळ इथंच का ठेवलात?" नळ हलवायला प्लंबर यायला दोन महिने लागले. तोवर त्यांनीच मार्ग काढला. ड्रम सोडून दहा लिटरची बादली घेतली, शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना. आभाळ बघून एक बादली करायची, संपली तरच दुसरी. उरतच नाही काही.

यंदा आत्तापर्यंत मावशींच्या कॅलेंडरवर एकच 'सि.' आहे. मी धावत गेलो, पट्टी, पीएच, चेंबरची कड, सगळं तपासलं. पाइपात पाणी साठलं होतं.